भिंतीतली जोडी

आमच्या घरात मी बोलायच्या आधी भांडायला शिकले, असं आई सांगायची, आणि आईने आयुष्यात एकच गोष्ट खरी सांगितली असेल तर ती ही. गोंडपिपरीला आमच्या मोहल्ल्यात लोक पहाटे कोंबड्याच्या आरवण्याने उठत नसत, आमच्या घरच्या पहिल्या शिवीने उठत. बाजूच्या घरची घड्याळं आमच्या भांडणावर लावलेली असत. हे खोटं वाटत असेल त्याने इथेच पुस्तक मिटावं. पुढे याहून मोठं येणार आहे, आणि मध्येच थांबून मला पुरावे मागणाऱ्या वाचकाशी माझं कधी जमलेलं नाही. माझ्याच मुलाशी जमत नाही, तर तुमच्याशी काय जमणार.

घर एक होतं, मग मधोमध भिंत आली. अलीकडे बाबा, आई आणि मी. पलीकडे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आणि मोठीआई. दोघा भावांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, तालुक्यातला कुठलाही जळलेला पंप त्यांच्या हाताखालून जायचा. भांडण कशावरून झालं याच्या आमच्याकडे चार हकिगती आहेत आणि चारही मी वेगवेगळ्या लग्नांत शपथेवर सांगितल्या आहेत. खरं कारण बहुतेक एक तांब्याच्या तारेचं रीळ. एवढं नक्की की दोघांनी एकमेकांचं तोंड न पाहण्याची आणि एकमेकांचा उंबरा न ओलांडण्याची आण घेतली, तीही स्वतःच्या मेलेल्या आईची. भिंत मात्र आढ्यापर्यंत पोचली नाही. विटा कमी पडल्या, आणि उरलेल्या विटा कोणी आणायच्या यावर पुन्हा भांडण. त्यामुळे वर हातभर फट राहिली आणि त्या फटीतून सगळं इकडून तिकडे जायचं: लाखोळीच्या डाळीला दिलेली लसणाची फोडणी, अंबाडीच्या भाजीचा आंबट वास, मोठेबाबांचा खोकला, बाबांचा खोट्या खोकल्याचा जबाब. मोठेबाबा खोकले की बाबा त्याहून मोठ्याने खोकत. एका हिवाळ्यात हे इतकं चाललं की कंपाउंडरने येऊन दोन्ही घरी औषध ठेवलं. दोन्ही बाटल्या तशाच राहिल्या, कारण आजारी कोणीच नव्हतं.

बोलायचं असलं की कोंबड्यांशी बोलायचं, ही दोन्हीकडची रीत. भाऊ भावाशी बोलत नव्हता, जाऊ जावेशी बोलत नव्हती, पण कोंबड्यांशी बोलायला कोणाची मनाई? आई दाणे टाकता टाकता कोंबडीला अशा काही गोष्टी सुनवायची की त्या बिचारीने अंडं द्यायचं सोडून दिलं. पलीकडून मोठीआई आपल्या कोंबडीला उत्तर द्यायची. सगळं चालायचं त्यात, माहेर, खानदान, रंग, पायगुण, हातातली चव. फक्त एक विषय नव्हता. मोठ्याआईला मूल नव्हतं. भिंत येण्याआधी मी त्यांच्याच अंथरुणात झोपायची, मोठेबाबांच्या खांद्यावरून बाजार पाहायची. वाटणीत फाळापासून फळीपर्यंत सगळं मोजलं गेलं, माझं काय करायचं हे कोणी विचारलं नाही. आईने मला दंडाला धरून अलीकडे ओढलं आणि भिंतीचं काम सुरू झालं. त्यानंतर इतकी वर्षं एवढं विष ओतलं गेलं, पण त्या एका शेतात कोणी नांगर घातला नाही. तेवढी एक मेर दोन्हीकडून पाळली जायची.

आता मासे. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यातला एक बंगाली साहेब बदली होऊन निघाला होता. भिंत यायच्या आधी त्याच्या बंगल्यावरचा पंप दोघा भावांनी बांधून दिला होता, म्हणून जाताना त्याने आपले दोन मासे त्यांच्या हवाली केले. डिस्कस. असा मासा आमच्याकडे कोणी पाहिला नव्हता. बोडीतला, म्हणजे आमच्या लहान तळ्यातला, मासा लांबट असतो, हा गोल, चपटा, ताटलीसारखा, अंगावर निळ्या-तांबड्या रेघा, जशी कोणी नक्षी काढून भाकरच उभी पाण्यात सोडली आहे. लोक बैलगाड्या जोडून पाहायला आले. गडचिरोलीकडून एक वऱ्हाड वाट वाकडी करून आलं, आणि नवरा म्हणे मांडव सोडून काचेपाशी बसला. साहेबाने जाताना एकच सांगितलं होतं, ही जोडी आहे, हिला वेगळं करू नका.

आणि वाटणीत आमच्या लोकांनी काय केलं? पंचांपुढे दोन बैल, एक इकडे एक तिकडे. दोन पंखे, एक इकडे एक तिकडे. मग कोणीतरी काचेकडे बोट दाखवलं. दोन मासे. पंचांमध्ये जंगलाकडच्या एका गावचे मडावीभाऊ होते, शहाणा माणूस, ते म्हणाले की जिवाची वाटणी अशी होत नसते. पण दोघं भाऊ ऐकायच्या पलीकडे गेले होते. एक मासा इकडे, एक तिकडे.

त्यानंतर बाबांनी त्या एका माशाचं जे कौतुक केलं ते माझं कधी झालं नाही. आमच्या विहिरीचं पाणी इतकं चुनखडीचं की गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकळलं तर तळाशी फरशी बसायची. आई ती खरवडून अंगणात अंथरायची. या माशाला तसं पाणी चालेना. म्हणून बाबांनी टिनाच्या छपराला पन्हाळी लावून पावसाचं पाणी सिमेंटच्या टाक्यात साठवलं, त्यात बदामाची वाळकी पानं टाकून ते चहाच्या रंगाचं केलं. घरात पाहुण्याला पाणी विहिरीचं, माशाला आकाशाचं. जेवण बकऱ्याचं दिल, शिरा काढून, बारीक कुटून, पालक घालून. आम्हाला वरण. उन्हाळ्यात आमच्याकडे कोंबडी उकडलेलंच अंडं घालते, माणसं ओल्या पोत्याखाली पडून असतात, तेव्हा हा मासा म्हणायचा, आता कुठं बरं वाटलं. हिवाळ्यात मात्र त्याला कढत पाणी लागे, आणि बाबांनी कंदिलाच्या काचेत कॉइल बसवून असं काही यंत्र केलं होतं की एकदा त्याचा झटका लागून आमचं मांजर सरळ चालायचं विसरलं.

नर कोणता आणि मादी कोणती हे डिस्कसचं बाहेरून कळत नाही. साहेबानेही सांगितलं नव्हतं. त्यामुळे दोन्ही घरी नरच होता. बाबा दुकानाच्या आपल्या अर्ध्या भागात बसून सांगायचे की माझ्याकडे नर आला, तिकडे मादी गेली, आणि ते मादी हा शब्द असा उच्चारायचे की जणू मोठेबाबांनीच नथ घातली आहे. पलीकडूनही तेच. दोन वर्षं मोहल्ल्यात पैजा लागल्या होत्या. आणि एका सकाळी बाबांच्या नराने काचेतल्या मडक्याच्या अंगावर अंडी घातली. ओळीने, मोहरीसारखी, चकचकीत.

बाबांनी माशाच्या काचेच्या टाकीवर गोधडी टाकली. पण आमच्या घरात गुपित म्हणजे चाळणीतलं पाणी. दुपारपर्यंत मोठीआई अंगणात उतरली आणि कोंबडीला म्हणाली, “तू कायले मिजास करतं वं? बाजूच्या घरी तर नरच अंडे देऊन राह्यला.” तिकडे मोठेबाबा हसले. ते हसणं मी भिंतीला कान लावून ऐकलं. ताटली घरंगळत जाऊन थांबावी तसं होतं. बाबा जेवले नाहीत. अंडी नराविना घातलेली, ती पांढरी पडली, विरघळून गेली. मग पुन्हा घातली, पुन्हा पांढरी. मासा काळवंडत चालला, कोपऱ्यात तोंड करून उभा राहायचा. बाबाही तसेच उभे राहायचे, दुसऱ्या कोपऱ्यात.

आता पिल्लं हवीत तर पलीकडचा नर हवा. बाबांनी कोंबडीमार्फत निरोप घातला. तिकडून कोंबडीमार्फत उत्तर आलं की पोरगी लग्न होऊन सासरी येते, नवरा काही पोरीच्या घरी जात नाही. मादी इकडे पाठवा, आणि लेकरं नवऱ्याच्या घरची. बाबा भडकले. म्हणाले की गाय वळूकडे नेली तर वासरू गायवाल्याचं असते, वळूवाल्याचं नाही, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. झालं. एक घर लग्नाच्या रीतीवर अडलं, दुसरं गुरांच्या रीतीवर. चौकात दोन तट पडले. बापाच्या घरचं नाव लागतं म्हणणारे एकीकडे, वासरू गायीमागे जातं म्हणणारे दुसरीकडे. दोन सख्खे साडू यावरून वर्षभर बोलले नाहीत. एका म्हाताऱ्याने दोघांनाही मान्य व्हावं म्हणून अर्धी-अर्धी पिल्लं सुचवली, त्याला दोन्ही बाजूंनी शिव्या पडल्या.

शेवटी मडावीभाऊच आले. आमच्या ओट्यावर अर्धे, त्यांच्या ओट्यावर अर्धे असे चालत चालत बोलले, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको. म्हणाले, आमच्यात पोरगा पोरीच्या घरी राहून काम करते, त्यानं कोणाची इज्जत जात नाही. पण तुमच्या टाळक्यात ते शिरणार नाही. मग भिंतीवर थाप मारून एवढंच बोलले, “हे कोणाची हाय?”

भिंत दोघांची होती. विटा अर्ध्या-अर्ध्या.

भिंतीला भोक पडलं. त्यात लोखंडी अँगलची, पुट्टी लावलेली जुनी टाकी बसली, एक काच आमच्या घरात, एक काच त्यांच्या घरात. वर दोन्हीकडून हात जाईल एवढी जागा. पाणी आमच्या टाक्यातलं, दिल त्यांच्याकडून. एका सकाळी दोन्ही भावांनी आपापल्या बाजूने आपापला मासा सोडला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माना वर केल्या. मध्ये पाणी होतं. मला अलीकडून मोठेबाबांचं तोंड दिसलं, पाण्यामुळे रुंद झालेलं, माशाएवढे डोळे. त्यांना बाबांचं तसंच दिसलं असणार. दोघांनी इतकं वाईट तोंड केलं की ते पाहून मासे भांडायला लागले. खरंच भांडले. तोंडाला तोंड लावून एकमेकांना ओढायचे, शेपट्या फाटल्या. मोठीआई कोंबडीला म्हणाली की माशांनी या घरचं रक्त ओळखलं.

मग माशांचं एकदाचं जमलं. दोघांनी मडकं चाटूनपुसून साफ केलं, अंडी घातली, नर वरून फिरला. आणि बाबा अलीकडून म्हणाले की नराला काही येत नाही. पलीकडून जबाब आला. आवाज चढले, दोन्ही काचांवर बोटं आपटली, आणि घाबरलेल्या त्या जोडीने आपली अंडी आपणच खाऊन टाकली. पुन्हा घातली, पुन्हा भांडण, पुन्हा खाल्ली. या माशाला शांतता लागते, एवढं दोन्ही घरांना तेव्हा कळलं. म्हणून ठरलं, कोंबड्यांमार्फतच ठरलं, की पिल्लं होईपर्यंत मधल्या खोलीत कोणी तोंड उघडायचं नाही.

ते दिवस मी विसरणार नाही. भांडणावर वाढलेल्या घराला गप्प बसवणं म्हणजे उकळत्या पातेल्यावर झाकण धरून बसणं. आईच्या मानेची शीर उडायची. मोठ्याआईने दोनदा कोंबडी कापली, बोलता येत नाही म्हणून. मोहल्ल्यातले लोक उशिरा उठायला लागले, त्यातल्या दोघांची नोकरी गेली. दोघे भाऊ मात्र आपापल्या काचेसमोर पाट टाकून बसायचे, दुकान बंद, जेवण ताटात थंड. एकमेकांकडे पाहायचं नाही म्हणून मडक्याकडे पाहायचे. अंड्यांत काळा ठिपका आला. मग ठिपके हलले. मग एका दुपारी ती सगळी धूळ मडक्यावरून उठली आणि मादीच्या अंगाला जाऊन चिकटली.

हे मी रचून सांगत नाही, जगात हा एकच मासा मी असा पाहिला: पिल्लं आईबापाच्या अंगावर जगतात. अंगावर एक साय धरते, ती चाटतात, दुसरं काही चालत नाही. आईचं अंग दुखलं की ती एक झटका देते, आणि सगळी पिल्लं उडून बापाच्या अंगाला चिकटतात. बाप थकला की पुन्हा आईकडे. त्या टाकीत दिवसभर हेच चालायचं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मोठीआई पदर तोंडात धरून पाहायची. मोठेबाबा काचेला इतकं तोंड लावून बसायचे की काचेवर वाफ धरायची, ती ते बाहीने पुसायचे आणि पुन्हा तोंड लावायचे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी असं होतं की मी अलीकडून पाहणं सोडून देत असे.

बाबांनीही ते पाहिलं. आणि बाबांना ते सहन झालं नाही. मोठेबाबा बोटाने काचेवर पिल्लांच्या मागे मागे जात होते, ओठ हलत होते, बहुतेक एकेकाला नाव देत होते. बाबांनी तो नेम तोडला. टाकीच्या वरून, कोंबडीला नाही, सरळ त्यांना म्हणाले, “दुसऱ्याचे लेकरं पाहून कोणी बाप होत नाई, दादा.”

इतक्या वर्षांतला पहिला सरळ शब्द. आईच्या हातातलं लाटणं खाली पडलं. ती बाबांकडे पाहतच राहिली; एवढं तीसुद्धा कधी बोलली नव्हती, आणि तिने काय बाकी ठेवलं होतं.

मोठेबाबांनी तळहात काचेवर मारला. जोरात नाही; मी त्यांना यापेक्षा जोरात भाकर थापताना पाहिलं होतं. पण पुट्टी जुनी होती. त्यांच्या बाजूची फट उघडली आणि पाणी तिकडे धावलं. त्या पाण्याबरोबर पिल्लं तिकडे, आणि घाबरलेली जोडी आमच्या कोपऱ्यात. बाबांनी वरून हात घालून दोन्ही मासे उचलले, गंजात टाकले. पलीकडे मोठेबाबा गुडघ्यांवर बसून फटीखाली पातेलं धरून होते, जमिनीवरून वाटीने, ओंजळीने, दिसेल तसं उचलत होते. मोठीआई दिवा घेऊन आली, भर दुपारी. टाकी रिकामी झाली तशी पलीकडच्या त्या दोघांनी ती ओढून काढली, आणि मध्ये फक्त भोक राहिलं.

अलीकडे बाबा, गंज घेऊन उभे. पलीकडे मोठेबाबा, पातेलं घेऊन उभे. आईबाप इकडे, लेकरं तिकडे. गंजातली मादी काळी पडत चालली होती. पातेल्यात पिल्लं नुसती गोल फिरत होती, चिकटायला अंग शोधत होती. त्यांना अंग मिळालं नाही तर संध्याकाळपर्यंत पातेल्यात नुसतं पाणी राहणार, हे दोन्ही भावांना ठाऊक होतं, आणि दोघांपैकी एकाने फक्त हात लांब करून आपलं भांडं दुसऱ्याच्या हातात द्यायचं होतं.

कोणीच दिलं नाही. बाबा म्हणाले, इकडे आण. मोठेबाबा म्हणाले, तू दे. बाबा म्हणाले, दिलं तर तू परत करणार नाही. मोठेबाबा म्हणाले, रीळ कोणी परत केलं नव्हतं ते अगोदर सांग. तेव्हा मला कळलं की रिळाचीच हकीगत खरी होती.

तितक्यात मोठ्याआईने पलीकडून एक घमेलं आणून भोकातच ठेवलं, बरोबर भिंतीवर, अर्धं इकडे अर्धं तिकडे. आईने टाक्यातलं पावसाचं पाणी आणून त्यात ओतलं. मोठीआई बाबांना म्हणाली, मध्ये कोंबडी न घेता, “ओता आता दोघंही. नाईतर मी हे घमेलंच तुमच्या डोक्यात घालीन.”

दोघं पुढे आले. कोणी आधी ओतायचं? जो आधी ओतेल तो हरला. मला मोजायला सांगितलं. मी तीन म्हटलं, आणि कोणीच ओतलं नाही. दोघं दुसरा ओततो का हे पाहत होते. मी पुन्हा मोजलं, रडत मोजलं, आणि या वेळी मोठेबाबा माझ्याकडे पाहत होते. तीनला दोन्ही भांडी एकदम वाकली.

मादी खाली जाऊन बसली. पिल्लं विखुरली, थोडा वेळ वेड्यासारखी फिरली. मग एक चिकटलं. मग बाकीची, सगळी, एकदम, आणि मादीने अंगाला झटका दिला तशी ती उडून नराच्या अंगावर गेली. दोन्ही भाऊ घमेल्यावर वाकले होते. मध्ये काच नव्हती, दोघांची डोकी जवळजवळ लागत होती.

मोठेबाबा वर न पाहता म्हणाले, “लेकरं कोणाचे, हे नंतर भांडू.”

“भांडू,” बाबा म्हणाले. “पण इथीच.”

दोघंही शब्दाचे पक्के निघाले. भोक तसंच राहिलं, आणि मरेपर्यंत ते तिथेच भांडले, तोंडावर तोंड, कोंबड्यांना सुट्टी देऊन.